फाटकावरची तिसरी शिट्टी

६ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करणार होते, पण हल्ली फोनवर माणसं बोलत नाहीत, पुटपुटतात. तूसुद्धा. मागच्या वेळी तू अर्धा तास काय सांगितलंस ते मला अजून कळलेलं नाही, मी आपली 'हो गं, हो गं' म्हणत होते. त्यापेक्षा कागद बरा.

तुझ्या नवऱ्याला दोन शब्द सांगायचेत. माझे चिरंजीव नगराध्यक्ष झाल्यापासून घरात आम्ही त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोत बघतो. 'गावाला झोप देऊ' असं सांगून निवडून आला ना, आता झोप द्यायला नको? गावात पाच फाटकं, आणि प्रत्येक फाटकापाशी प्रत्येक गाडीनं दोनदा शिट्टी द्यायची असा रेल्वेचा नियम. नगरपालिकेनं दोन्ही बाजूंनी दुहेरी फाटकं बसवली, म्हणजे कुणी आडून घुसणार नाही, की रेल्वे शिट्ट्या बंद करायला तयार आहे म्हणे. त्याची तयारी जोरात चाललीय.

इथपर्यंत ठीक. पण परवा सभेत विरोधी पक्षाचा एक जण उठला आणि म्हणाला, "दोन शिट्ट्या आम्ही समजू शकतो. ती एक मालगाडी तिसरी देते, लांबलचक, शेवटी शेपूट वर केलेली, ती कुणासाठी?" आमचे चिरंजीव म्हणे छताकडे बघत बसले. काय सांगणार बिचारा? की ती माझ्या आईसाठी आहे आणि देणारा माझा मामा आहे?

तर तुझ्या नवऱ्याला, आपल्या भोंग्याला सांग, तिसरी जरा आखूड कर. नीट वाच, बंद कर असं मी म्हटलेलं नाही. मालगाडीला वेळ ना काळ. ती शिट्टी ऐकली की मी हातातलं टाकून गॅलरीत येते आणि पिवळा टॉवेल झटकते. ती बंद झाली तर मला कळायचं कसं, भाऊ सुखरूप गेला की नाही ते?

तुझी,
आक्का


१४ ऑगस्ट

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवलं. आधी खूप हसले, मग म्हणाले, "नियम दोनचा आहे, तिसरी माझी आहे. पण आक्का म्हणते तर आखडतो."

वन्सं, एक सांगू का? लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, नवरा कामावरून आला की विचारेल, कशी आहेस, जेवलीस का. छे! दारात बूट काढताना पहिलं वाक्य, "आक्काचा टॉवेल दिसला." मग पाणी. मी महिनाभर, सासूचा करावा तसा तुमचा राग राग केला, आज सांगायला हरकत नाही. नंतर एकदा विचारलं, हे काय खूळ? तेव्हा म्हणाले, आई गेल्यावर आक्कानंच मला वाढवलं. शाळेत निघालो की ती दारातून ओरडायची, 'पोचलास की आवाज दे.' मी कोपऱ्यावरून असा ओरडायचो की अख्खी गल्ली बाहेर यायची. त्यावरूनच तर 'भोंग्या' नाव पडलं. आता कोपरा लांब गेला, म्हणून शिट्टी.

मग माझा राग गेला. पुरता नाही, पण बराचसा.

नोव्हेंबरअखेर हे निवृत्त होतायत. शेवटची फेरी तुमच्याच फाटकावरून मागून घेतलीय साहेबांकडून. आत्तापासून मनसुबे चाललेत, "त्या दिवशी आक्का दोन्ही हातांनी टॉवेल झटकेल बघ." तर त्या दिवसापुरता नवा टॉवेल घ्या, जुन्याचा मागच्या वेळी निम्मा रंग उडालेला होता म्हणाले.

आपली,
धाकटी


२ सप्टेंबर

धाकटे,

आशीर्वाद.

हे काय चालवलंय तुझ्या नवऱ्यानं? मी आखूड कर म्हटलं, त्यानं बंदच केली! इतके दिवस झाले, एक आवाज नाही. मला वाटलं आजारी असेल, रजेवर असेल. म्हणून काल मुद्दाम दुपारभर गॅलरीत कपडे वाळत घालत बसले. तोच तोच परकर तीनदा पिळला. शेवटी आली मालगाडी. इंजिनात हाच, खिडकीतून अर्धा बाहेर. आणि गाडी गेली माझ्या डोळ्यांसमोरून, मुक्यानं! दोन नाही, तिसरी नाही, काही नाही.

मग मीही पाठ फिरवली. म्हटलं, तू रेल्वेचा ड्रायव्हर असशील तर मीही तुझी थोरली बहीण आहे.

एवढं काय लागलं त्याला? लहानपणी याचं नाक मी पुसलं, शाळेत मास्तरांशी याच्यासाठी मी भांडले. आणि आता आखूड कर म्हटलं तर रुसला? निवृत्त व्हायची वेळ आली, पण नाकावरचा राग काही निवृत्त होत नाही.

आणि गावातल्या लोकांचा खोटेपणा बघ. शिट्टी बंद होऊन इतके दिवस झाले, तरी यांच्या तक्रारी चालूच! दूधवाला काल कपाळावर हात मारून काय काय सांगत होता. सगळं राजकारण. माझ्याच पोराला कच्चा ठरवायचं, दुसरं काय! शेजारीण तर त्याच्यापुढची. मला म्हणते, रेडिओ हळू लावा. आहे तोच हळू! तिचेच कान नाजूक, आणि नाव माझं.

त्याला सांग, मी रागावले नाही. नको, सांग रागावलेय म्हणून.

आक्का


९ सप्टेंबर

ती. वन्संस,

सा. न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि माझंच डोकं फिरलंय की काय असं वाटलं.

अहो, इकडे उलटंच रामायण. त्या दिवशी हे घरी आले, बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आक्कानं पाठ फिरवली." मी म्हटलं, ऊन लागलं असेल. तर म्हणाले, "नाही, मला बघून फिरवली. आखूड कर म्हणाली म्हणून मी आखूड केली, तर टॉवेलच बंद! मला वाटलं ऐकू गेली नसेल, म्हणून मग थोडी लांबवली. तरी टॉवेल नाही. अजून लांबवली. आज तर पहिल्या फाटकापासून पाचव्या फाटकापर्यंत शिट्टीवरचा हात काढलाच नाही. सबंध गाव रस्त्यावर आलं, फाटकवाल्यानं हात जोडले, आणि ही शांतपणे परकर पिळतेय!"

तुम्ही म्हणता शिट्टी नाही. हे म्हणतात टॉवेल नाही. दोघंही एकाच आईची लेकरं, त्यामुळे कोण खोटं बोलतंय हे मी विचारणार नाही. पण रात्री भात ताटात तसाच राहतोय. बोलणं एकच, "शेवटच्या फेरीला आक्कानं तोंड नाही दाखवलं तर काय राहिलं?" इंजिनातून उतरण्याचं दुःख नाही त्यांना, वन्सं. तुमच्या गॅलरीकडे बघत उतरावं लागेल याचं आहे.

तुम्ही थोरल्या आहात, जरा पडतं घ्या ना!

आपली,
धाकटी


१७ सप्टेंबर

ती. मामीस,

सा. न. वि. वि.

विषय : तिसऱ्या शिट्टीबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळवण्यात येते की... जाऊ दे, मामी, कारकुनाला मजकूर सांगून सांगून सवय झालीय. सरळच लिहितो.

मामाला आवरा. पाया पडतो. आधी तो तिसरी शिट्टी द्यायचा, आता त्याची एकच शिट्टी असते, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. केशकर्तनालयात एका गृहस्थांची अर्धी मिशी गेली. ते माझ्या केबिनमध्ये येऊन नुसते उभे राहिले, बोलायची गरजच नव्हती. शाळेत मुलं मालगाडीची वाट बघतात, कारण मास्तरांना फळ्यापाशी थांबावं लागतं. परवा शांतता क्षेत्राचा ठराव मांडला तर नगरपालिकेच्या इतिहासात प्रथमच एकमतानं मंजूर झाला. विरोधकांनीही हात वर केले. एक हात वर आणि दुसऱ्या हाताचं बोट कानात, कारण तेवढ्यात मामाची गाडी आली होती.

आणि घरी काय? आई! मी जेवायला बसलो की म्हणते, "तुम्ही सगळे खोटारडे. शिट्टी केव्हाच बंद झालीय." परवा तर ती वाजत असताना म्हणाली! ताटल्या थरथरत होत्या, आणि ही मला वाढत वाढत विचारते, "कुठाय शिट्टी, दाखव." भावाची बाजू घ्यावी, पण किती?

दुहेरी फाटकं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बसतील. तोवर मला या गावात तोंड दाखवू द्या एवढीच विनंती.

तुमचा भाचा,
नगराध्यक्ष (शिक्का चुकून पडला, माफ करा)


२० सप्टेंबर

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

लहान तोंडी मोठा घास घेतेय. आधी एक घोट पाणी प्या, मग पुढचं वाचा.

तुमच्या चिरंजिवांचं पत्र आलं. ते एका हातात आणि तुमचं दुसऱ्या हातात धरून मी बराच वेळ बसले होते. वन्सं, शेजारीण म्हणते रेडिओ मोठा आहे. फोनवर सगळे पुटपुटतात. हल्ली दूध उतू जातं का हो? दार वाजवून वाजवून माणसं परत जातात का? सूनबाई बोलताना तोंड वेंगाडते असं तुम्ही मागे म्हणाला होतात. ती वेंगाडत नसेल. तुम्हांला ओठ दिसावेत म्हणून सावकाश बोलत असेल.

यांनी शिट्टी एक दिवसही बंद केली नाही. वाजतेय, वन्सं. तुम्हांला ऐकू येत नाहीये.

यांना मी अजून काही बोललेले नाही. आधी तुम्हांला विचारावं असं वाटलं.

रागावलात तर रागवा. पण रागावून गप्प बसू नका.

आपली,
धाकटी


२४ सप्टेंबर

धाकटीस,

पत्र मिळालं. मी बहिरी नाही. तुझं अक्षरही पूर्वीइतकं चांगलं राहिलेलं नाही.

आशीर्वाद आहेत, पण कमी.

आक्का


१२ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

तुझं पत्र फाडणार होते. फाडलं नाही, डब्याखाली सारलं. मग रोज डबा उचलला की ते दिसायचं. शेवटी म्हटलं, एकदाच काय तो निकाल लावू. हिला खोटी पाडू आणि मग बघू कशी तोंड वर करून बोलते.

काल चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेले. सूनबाईला सांगितलं भाजी आणायला जाते. घरापासून दोनच गल्ल्या, पण कित्येक वर्षांत तिकडे गेले नव्हते. फाटक पडलेलं होतं. सायकलवाले, रिक्षा, शाळेतली पोरं, पिशवी घेतलेले एक म्हातारबा, सगळे उभे. मीही उभी राहिले.

आली गाडी. वळणावरून इंजिनाचं तोंड दिसलं आणि धाकटे, फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदम कानात बोटं घातली. म्हातारबांनी पिशवी खाली ठेवून घातली. एका पोरानं दुसऱ्याच्या कानात घातली. मी एकटी तशीच उभी. मला वाटलं, आता येईल. आता येईल. कुणीतरी गादीखालून हाक मारावी तसं काहीतरी लांबून आलं, पायाखालची जमीन हलली, आणि डबे जायला लागले. खिडकीत भोंग्या. त्याचं लक्ष आमच्या गॅलरीकडे होतं, मी खाली उभी आहे हे त्याला दिसलंही नाही. चेहरा कसा झालाय गं त्याचा! शाळेत पहिल्या दिवशी सोडून आले होते तेव्हा असा झाला होता.

गाडी गेली, लोकांनी बोटं काढली, आणि सगळे त्याला शिव्या द्यायला लागले. शिव्या देताना माणसांची तोंडं मोठी होतात, त्यामुळे त्या मला चांगल्या कळल्या.

भाजी आणायला विसरले. सूनबाईनं विचारलं, तर मी म्हटलं, हो, आहे मी बहिरी. तिला वाटलं भाजीवाल्याशी भांडण झालं.

त्याला आता सांग. आणि सांग, मी रुसले नव्हते. पाठ फिरवली ते मात्र खरं. ते माझंच चुकलं.

आक्का


१८ ऑक्टोबर

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

सांगितलं. एक बूट काढलेला, एक पायात, आणि हे पायरीवर. आधी तीनदा विचारलं, "म्हणजे आक्का रागावलेली नव्हती?" मी तीनदा 'नाही' म्हटलं. चेहरा असा उजळला की काय सांगू! मग हळूहळू लक्षात आलं असावं. "म्हणजे तिला ऐकू येत नाही?" म्हणाले, आणि रडायला लागले. वन्सं, तुम्ही भोंग्या नाव का ठेवलंत ते मला त्या दिवशी खरं कळलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या.

आता ऐका. कानाच्या डॉक्टरकडे जायचं, यंत्र बसवायचं. 'लोक काय म्हणतील' हे मी ऐकून घेणार नाही. लोक आत्ता काय म्हणतात ते तरी कुठे ऐकू येतंय तुम्हांला?

यांचं एकच मागणं आहे. शेवटच्या फेरीची तिसरी शिट्टी आक्काला ऐकू आली पाहिजे. मग इंजिन कुणाला द्यायचं त्याला द्या. पण तुमच्याकडचं शांतता क्षेत्र तर त्याआधीच सुरू होतंय! चिरंजिवांना सांगा ना, पंधरवडाभर थांबा म्हणावं. आईसाठी एवढं करणार नाहीत?

तोवर हे दोनच शिट्ट्या देतात, नियमाच्या, अगदी शहाण्यासारख्या. फाटकवाल्यानं पेढ्याचा पुडा दिला.

आपली,
धाकटी


२० नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

नगराध्यक्षांना विनंती केली. जन्म मी दिला, पण तारीख ते बदलू शकत नाहीत. फलक रंगवून झाला होता.

यंत्र मिळालं मात्र. डॉक्टर म्हणाले, कान वर्षभर उतरत होते, ऑगस्टात एकदम बसले. दोन्ही कानांत. देवा रे, केवढं हे जग ओरडतं! पेपर उलगडला तरी दचकते. कपाटाचं दार इतकी वर्षं किंचाळतंय आणि कुणी तेल घालत नाही. सूनबाई माझ्यासमोर उभी राहून वर्षभर काय काय बोलत होती, तेही आता कळलं. पहिल्या दिवशी तिला कल्पना नव्हती, माझ्या तोंडावरच मिठावरून पुटपुटली. मी शांतपणे म्हटलं, "मीठ जास्त नाही पडलं, तुझीच जीभ खारट झालीय." तिच्या हातातली पळी पडली. तिचाही आवाज केवढा! आता आमचं छान चाललंय.

परवा शांतता क्षेत्राचं उद्घाटन झालं. शांतता आली हे सगळ्यांना कळावं म्हणून चार लाउडस्पीकर लावले होते, शिवाय बँड. फटाके नको म्हणाले, तेवढीच काय ती शांतता. चिरंजिवांनी फीत कापली, भाषण केलं, आणि शेवटी ठरावाची सगळी कलमं वाचून दाखवली. लोक जांभया देत होते. मी पहिल्यांदाच त्याचं भाषण कान देऊन ऐकलं, आणि बरं झालं ऐकलं. एक कलम फार चांगलं आहे. कुठलं ते तुला लिहीत नाही, तुझ्या पोटात काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मालगाडी गेली. या वेळी खरंच मुक्यानं. नुसती चाकं ऐकू आली. ऐकू यायला लागलं तेव्हाच शिट्टी गेली बघ, दात आहेत तर चणे नाहीत. गॅलरीत टॉवेल झटकला, त्यानं हात केला. पण माझं पोट भरलं नाही.

त्याला एवढंच सांग, शेवटच्या फेरीला नजर गॅलरीकडे नको, रुळाकडे ठेव म्हणावं. ड्रायव्हर आहेस ना?

आक्का


१ डिसेंबर

चि. भोंग्यास,

अनेक अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुलाच. धाकटीला वाचू दे, ती तशीही वाचणारच.

काल तुला दचकवलं का रे? दचकलास तर दचकलास. कलम सातवं : 'रुळालगत मनुष्य अथवा जनावर आढळल्यास चालकाने शिट्टी वाजवणे बंधनकारक राहील.' बंधनकारक! माझ्याच पोराचा आवाज, माझ्याच यंत्रातून. मी त्याच दिवशी ठरवलं, मनुष्य तर मनुष्य, नाहीतर जनावर, पण उभी राहीन.

नवा टॉवेल घेऊन गेले. दुहेरी फाटकं फार छान केलीत हो आमच्या नगरपालिकेनं, कुणी घुसू शकत नाही. म्हणून फाटकवाल्याच्या खोलीकडून गेले. तो 'आजी, आजी' करत मागे. मी म्हटलं, बाबा, मी रुळावर जात नाही. मरायला पुरेल इतकं जवळ जायचं नाहीये, फक्त कलमाला पुरेल इतकं. त्यानं माझा दंड घट्ट धरून ठेवला, ते शेवटपर्यंत सोडला नाही. पेढे देणारा माणूस, मनानं चांगला आहे.

मग तू आलास वळणावरून. मी टॉवेल उडवला, एका हातानं, कारण दुसरा फाटकवाल्याकडे. पहिली दिलीस. दुसरी दिलीस. त्या बंधनकारक. मग क्षणभर काहीच नाही, आणि मला वाटलं, हा आता नियमात वागतो की काय.

आणि मग तिसरी.

भोंग्या, तुला खरं सांगते, लोकांचं काही चुकत नव्हतं. काय ती बेसूर! शेपटाशी तर कुणीतरी पत्रा ओढत नेल्यासारखी. इतकी वर्षं माझ्या गावानं हे सहन केलं, आणि मी त्यांना खोटारडे म्हटलं. फाटकापाशी सगळ्यांनी कानात बोटं घातली. फाटकवाल्यानं एका कानात घातली, दुसऱ्या कानासाठी त्याला हात नव्हता. यंत्रातून तर ती दुप्पट येत होती, डोळ्यांतून पाणी आलं.

मी बोटं घातली नाहीत.

आज सकाळी नगरपालिकेचा शिपाई नोटीस घेऊन आला. 'आपण रुळालगत विनाकारण उभ्या राहून शांतता क्षेत्राचा भंग घडवून आणला.' खाली चिरंजिवांची सही. त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'आई, जेवायला येतोय.' मी 'विनाकारण' खोडून नोटीस परत पाठवली.

आता इंजिन गेलं, शिट्टी गेली. धाकटीला घे आणि ये. पायी ये, फाटकावरून ये, दोन गल्ल्या आहेत. कोपऱ्यावर पोचलास की आवाज दे.

तुझी,
आक्का